आधी आंघोळ, मग टाके

मंडळाच्या अंकाचं काम बघणाऱ्या मुलीने मला दोन पर्याय दिले होते. एक तर उकडीच्या मोदकांची कृती लिहा, नाहीतर कामाचे अनुभव लिहा. माझ्या मोदकांना कळ्या पडत नाहीत हे साउथहॅम्प्टनमधल्या सगळ्या मराठी घरांना ठाऊक आहे, तेव्हा अनुभवच लिहिते. माझी शाळा नववीपर्यंत, इचलकरंजीत. पुढचं जे काही आलं ते शिलाई मशीनवर बसून आणि इथल्या लायब्ररीतून पुस्तकं आणून. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

तर मी डॉक्टर होते. हसू नका, पांढरा कोट होता, गळ्यात स्टेथोस्कोपसुद्धा होता, गुलाबी प्लास्टिकचा. पेशंट म्हणजे अस्वलं, ससे, कोल्हे, पेंग्विन, आणि एक पावाच्या आकाराचं काहीतरी, ज्याला डोळे होते. सगळे कापसाचे. त्याआधी वीसेक वर्षं मी एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात पँटी आखूड करत होते. ते दुकान बंद झालं तेव्हा मला वाटलं, संपलं आपलं. तेवढ्यात मेगन नावाची एक मुलगी दारात उभी राहिली. तिशीची असेल. तीन-चार वर्षं जपानमध्ये इंग्लिश शिकवून आली होती आणि इथे सेंट मेरीज भागात तसला कॅफे काढत होती. तिला शिवणारं माणूस हवं होतं. मी घरी येऊन सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "जन्मभर माणसांचे कपडे शिवलेस, आता अस्वलांचे शीव. ती निदान फिटिंगवरून भांडणार नाहीत."

तसला कॅफे म्हणजे कसला, ते सांगते, कारण मलाही सहा महिने कळत नव्हतं. जपानमध्ये म्हणे असे शेकड्याने आहेत. कुठे वाढणाऱ्या मुली मोलकरणीच्या जुन्या पोशाखात असतात आणि तुम्ही आत आलात की "मालक, घरी आलात" म्हणून वाकतात. कुठे मांजरं असतात. कुठे एखाद्या कार्टूनचाच कॅफे असतो, भिंतीपासून चमच्यापर्यंत सगळं त्या कार्टूनचं. आमच्याकडे सगळ्याची खिचडी होती. आलेल्या माणसाला "घरी आलात" म्हणायचं. भातावर ऑम्लेटची दुलई पांघरून द्यायची आणि टेबलाशी उभं राहून त्यावर टोमॅटो केचपने चित्र काढायचं. प्रत्येक पेयाबरोबर पाकिटात बंद एक कोस्टर, म्हणजे पेल्याखाली ठेवायची चकती, द्यायचा. त्यावर कुणाचं चित्र निघेल ते नशीब. एका मुलीला तिचा आवडता पांढऱ्या केसांचा राजपुत्र हवा होता. तिने एका बैठकीत सात मेलन सोडे मागवले. सातव्यातही तो निघाला नाही आणि ती बाथरूममध्ये गेली. मी तिचे केस धरून उभी राहिले. बाहेर आल्यावर शेजारच्या टेबलावरच्या पोराने न बोलता आपला राजपुत्र तिच्याकडे सरकवला. त्या दिवशी मला जरा कळायला लागलं.

आणखी एक पद्धत होती. एकटं कोणी जेवायला आलं की समोरच्या खुर्चीत एक मोठं कापसाचं जनावर आणून बसवायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं ही चेष्टा आहे, लोक चिडतील. कोणी चिडत नाही. आपल्या पुण्याचा एक मुलगा, सौरभ, इथल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये होता, दर बुधवारी संध्याकाळी यायचा. मला फोनवर मराठी बोलताना ऐकून त्याचा चेहरा पडला. "काकू, मंडळात सांगू नका हं," म्हणाला. मी म्हटलं, काय सांगू, अस्वलाबरोबर जेवतोस म्हणून? तर म्हणतो, "अहो काकू, मित्रांबरोबर जेवायला बसलो की व्हिसा कधी, लग्न कधी, घर कधी. हे अस्वल काही विचारत नाही." कंटेनर बंदरावर क्रेन चालवणारा एक गृहस्थ होता, फावड्यासारखे हात. तो निळा पेंग्विन खिशात घालून यायचा, टेबलावर ठेवायचा, त्याच्यासाठी वेगळी बशी मागायचा. त्याला कोणी कधी विचारलं नाही.

हाच आमच्या कॅफेचा पहिला नियम होता, मेगनने पहिल्याच दिवशी सांगितलेला. आत आलेल्या माणसाला बाहेरचं काही विचारायचं नाही. नोकरी काय, घरी कोण, एकटे का, काही नाही. लोकांना तेच हवं असतं म्हणून ते येतात. मला सुरुवातीला हे फार जड गेलं. आपल्याकडे पाण्याचा ग्लास देतानाच निम्मी चौकशी होते. पण मी शिकले. इतकी शिकले की त्याचा मला अभिमान वाटायला लागला.

आता माझा दवाखाना. हीसुद्धा तिकडचीच कल्पना. लोकांची लाडकी खेळणी फाटतात, डोळा निघतो, शेपूट लोंबते. ती दुरुस्त करणारे लोक तिकडे रीतसर हॉस्पिटल थाटतात. मेगनने कोपऱ्यात काचेच्या आड मला टेबल दिलं, मशीन दिलं, छोटी खाट दिली. खेळणं घेऊन कोणी आलं की फॉर्म भरायचा. पेशंटचं नाव, वय, काय दुखतं, कशाची भीती वाटते. मग मी त्याला दाखल करून घ्यायची.

कामाची पद्धत मात्र माझी. आधी आंघोळ, मग टाके. मळक्या कापडावर सुई चालवायची नाही, हे मला इचलकरंजीत शिवण शिकवणाऱ्या बाईंनी हातावर पट्टी मारून शिकवलं होतं. पाठीची शिवण उसवायची. आतला कापूस काढून कागदी पिशवीत ठेवायचा. नुसतं कातडं कोमट पाण्यात बाळाच्या शाम्पूने धुवायचं, टॉवेलात दाबायचं, गार हवेवर वाळवायचं, मऊ ब्रशने लव उभी करायची. मग नवा कापूस, पण जुन्यातला एक मूठभर छातीत परत घालायचा. हे मेगनने सांगितलं होतं, तिकडे तसं करतात म्हणे, म्हणजे पेशंट तोच राहतो. मला ते पटलं. आपणही नव्या विरजणात जुनं थोडं घालतोच.

आणि मेगन फोटो काढायची. पेशंट टबात, फेसात नाकापर्यंत बुडालेला. तो फोटो मालकाला पाठवायची, खाली पेशंटच्याच नावाने मजकूर. या लोकांत खेळण्याच्या मालकाला त्याची आई किंवा बाबा म्हणतात, तेव्हा मजकूर असा असायचा: "आई, मी आता आंघोळ करतोय. डॉक्टर फार चांगल्या आहेत. मी अगदी नवा होऊन येतो." लोक वेडे व्हायचे त्या फोटोंवर. काही जण फ्रेम करून लावायचे.

बेथ दर शनिवारी यायची. युनिव्हर्सिटीत होती, एकोणीस-वीसची, तोकडे निळे केस, नखं खाल्लेली. तिच्याकडे एक नारिंगी कोल्हा होता. त्या वर्षी त्या कोल्ह्याचं फार वेड होतं, आमच्या कॅफेत तसे दहा-बारा तरी यायचे. पण बेथचा मी डोळे मिटून ओळखला असता, कारण त्याची शेपूट मीच शिवली होती आणि नारिंगी दोरा संपला म्हणून विटकरी वापरला होता. तेव्हाही मी त्याला आंघोळ घालणार होते, तर तिने घालू दिली नाही. काउंटरवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "डॉक्टर आंटी, शेपूटच फक्त. तो मळका आहे ते मला माहीत आहे. मला तो तसाच लागतो." मी हसले आणि शेपूट शिवून दिली. पोरगी आळशी आहे असं मला वाटलं, खरं सांगायचं तर.

मग एका शनिवारी तिच्या नावाचं टेबल धरलेलं होतं आणि ती आली नाही. मेगनने वहीत लिहिलं, आली नाही. पुढच्या शनिवारीही आली नाही. विद्यार्थी असेच असतात, येतात, जातात, शिक्षण संपतं, गाव बदलतं. मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं, पण विचारायचं कुणाला आणि नियम तर नियम.

सहा-सात आठवड्यांनी एक बाई आली. पन्नाशीची, नीटनेटकी, रेनकोटची सगळी बटणं लावलेली. मी जेवायला मागे गेले होते, मेगनने फॉर्म भरून घेतला. बाई बसली नाही, चहा घेतला नाही. कापडी पिशवी दिली आणि गेली. मी आले, पिशवी उघडली, आत कोल्हा. डावा कान जेमतेम चार धाग्यांवर लोंबत होता. उलटा करून पाहिला तर विटकरी टाके.

मला इतका आनंद झाला. बेथचा कोल्हा, म्हणजे बेथ आहे, कुठेतरी नोकरीला लागली असेल, आईच्या हातून पाठवलाय. फॉर्म वाचला. नाव, कॅरल. पेशंटला काय दुखतं, तिथे लिहिलं होतं: कान. फक्त कान, प्लीज. कशाची भीती वाटते, ही जागा कोरी होती.

फक्त कान. दोन वेळा वाचलं मी ते. इंग्लिश मला वाचता येतं. पण मी त्याचा अर्थ माझ्या मनाने लावला. म्हटलं, संकोची बाई दिसते, जास्तीचं काम सांगायला नको वाटलं असेल. आपण नाही का कुणाच्या घरी "नको नको, फक्त चहा" म्हणत? आणि समोरची जी खरी माया करणारी असते ती पोहे करतेच. तर मी पोहे केले. पाठ उसवली, कापूस काढला, आणि त्या कोल्ह्याला मी आजवर कुणाला घातली नव्हती अशी आंघोळ घातली. तीनदा पाणी बदललं. तिसऱ्यांदा पाणी स्वच्छ आलं तेव्हा मेगनला हाक मारून दाखवलं, बघ म्हटलं, केवढा मळ होता. नाकावरचा काळा डाग ब्रशने निघाला. कानामागे काहीतरी चिकट होतं, तेही निघालं. लॅव्हेंडरचे दोन थेंब टाकले. बेथ उघडून बघेल आणि चकित होईल, असं माझ्या मनात होतं. मेगनने फोटो काढला आणि पाठवला.

तासाभरात कॅरल आली. मी काचेच्या आड होते, कोल्हा टॉवेलवर पसरलेला, रिकामा, नुसतं कातडं. ती सरळ काचेचं दार ढकलून आत आली, टॉवेलसकट त्याला उचललं आणि त्यात तोंड घातलं. मी बघत राहिले. ती हुंगत होती. नाक, मग पोट, मग कान, मग पुन्हा नाक, घाई नाही, सगळीकडे, आपण पेटीतल्या एकेका कप्प्यात हात घालून बघतो तशी.

मग ती म्हणाली, "हा तिच्याबरोबर बिछान्यात होता. तुम्ही धुतलात."

मी म्हटलं, बेथच्या? ती कशी आहे?

माणसाच्या तोंडून काय निघतं बघा. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या कोटाकडे पाहिलं, गळ्यातल्या त्या गुलाबी वस्तूकडे पाहिलं. मग शांतपणे सांगितलं, जसं खूप लोकांना सांगून झालंय. गुरुवारी ताप आला होता, तिला वाटलं फ्लू आहे. मेंदूज्वर होता. शनिवारी पहाटे गेली, त्याला सात आठवडे झाले. मी मनात मोजलं. तोच शनिवार होता, टेबल धरलेला.

मेगन बाहेर उभी होती, तिच्या हातात फोन. तिने पाठवलेला मजकूर तिला आठवला असणार, कारण तिने तोंडावर हात धरला. आई, मी आता आंघोळ करतोय. तो मजकूर त्या बाईला मिळाला होता. बसमध्ये होती म्हणे ती.

मला एकदम जुना कापूस आठवला. पिशवीत आहे, धुतलेला नाही. मी ती पिशवी तिच्यापुढे केली, हे घ्या, हे तसंच आहे, याला पाणी लागलं नाही. तिने एक मूठ काढली आणि नाकाशी धरली. कितीतरी वेळ धरली. मग परत पिशवीत टाकली.

"इथे ती नाहीये," म्हणाली. "इथपर्यंत ती कधी पोचलीच नव्हती."

बरोबरच होतं. आतला कापूस फॅक्टरीचा असतो, त्याला धुळीचा आणि गोदामाचा वास येतो. माणूस बाहेरून लागलेलं असतं, जिथे तोंड टेकतं तिथे, कानामागे, नाकावर. मला हे माहीत असायला हवं होतं. मी आयुष्यभर लोकांच्या कॉलरी आणि काखा उसवल्यात. माणूस कापडात कुठे राहतो हे शिंप्याइतकं कुणाला ठाऊक असतं?

मी म्हटलं, बसा, मी निदान कान लावून देते, दहा मिनिटं. ती म्हणाली, "नको." कोल्हा ओलाच होता. तिने तो रिकामाच घडी घातला, पिशवीत ठेवला, कापसाची पिशवीही घेतली, आणि रेनकोटचं वरचं बटण लावून गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने सांगितलेलं एकच काम तेवढं मी केलं नव्हतं.

मेगन रडली. मी काही रडले नाही, मी टब घासत बसले. मेगन म्हणत राहिली की चूक फॉर्मची आहे, त्यात आंघोळीबद्दल विचारलेलंच नाही, उद्याच जागा वाढवू. वाढवलीही. पण फॉर्मची चूक नव्हती, हे मी तिला सांगितलं. बाईने लिहून दिलं होतं. मुलीने तर तोंडाने सांगितलं होतं, माझ्यासमोर काउंटरवर हात ठेवून. दोघी मायलेकींनी एकच गोष्ट सांगितली आणि मी दोघींना माझ्या परीने समजून घेतलं. न विचारण्याचा आम्हाला एवढा गर्व होता, पण न विचारणं वेगळं आणि सांगितलेलं न ऐकणं वेगळं. घरी सांगितलं तर हे म्हणाले, तू मुद्दाम केलंस का? मग कशाला जिवाला लावून घेतेस?  मुद्दाम केलं असतं तर माफी तरी मागता आली असती. मायेने केलेल्या गोष्टीची माफी कशी मागायची?

त्यानंतर मी वर्षभर काम केलं. आंघोळ विचारून घालत होते. बहुतेक लोक हो म्हणायचे. जे नाही म्हणायचे त्यांना मी का ते विचारत नव्हते, मळक्या कापडावर टाके घालत होते आणि हात धुऊन पुढच्याला घेत होते. काम तेच, पण मी कोट घालणं सोडलं. मेगनने एकदाही म्हटलं नाही की घाल. मला इथे एक कबूल करायला हवं, नाहीतर लिहिण्यात काय अर्थ? त्या वर्षात एकदा मी बेथसारख्या वासाची वस्तू शोधायला बाजारात फिरले. ती स्ट्रॉबेरीच्या वासाची वेप, ती बॅटरीवरची सिगारेट, ओढायची, आणि डोक्याला नारळाचं काहीतरी लावायची. म्हटलं, पाठवून द्यावं. दुकानात बाटली हातात घेतली आणि कळलं की आपण पुन्हा पोहे करतोय. ठेवून आले.

आणि मग, कॅफे बंद व्हायच्या थोडं आधी, एका मंगळवारी दुपारी कॅरल आली. पाऊस होता, कॅफेत चार माणसं. वाढणारी मुलगी नवीन, तिला काही माहीत नव्हतं. तिने नियमाप्रमाणे "घरी आलात" म्हटलं, एकट्या बाईला टेबल दिलं, आणि समोरच्या खुर्चीत एक मोठा ससा आणून बसवला. मी काचेतून बघत होते. कॅरलने सशाकडे पाहिलं. मग पिशवीतून कोल्हा काढून त्याच्या शेजारी ठेवला. कापूस तिनेच भरला होता, वेडावाकडा, पाठीला मोठे मोठे टाके. कान तसाच लोंबत होता.

मी बाहेर आले. काय बोलायचं ठरलं नव्हतं. तिनेच म्हटलं, "बेथ कुठे बसायची?"

मी दाखवलं, खिडकीशेजारचं, रेडिएटरजवळ. ती उठून तिथे जाऊन बसली. मग मी न विचारता सांगायला लागले, कारण तेवढंच माझ्याकडे तिचं होतं. ती ऑम्लेटवर दर वेळी कोल्हाच काढायला लावायची आणि मग खाताना आधी कान खायची. कोस्टर दोन मिळाले की एक वाटून टाकायची. एकदा एका मुलाला हसता हसता खुर्चीवरून पडली. हे कॅरलला काही माहीत नव्हतं. आमच्या कॅफेचं नावसुद्धा तिला मुलीच्या कपाटातल्या कोस्टरांवरून कळलं होतं. वेपचं सांगितलं तेव्हा म्हणाली, "मला वाटायचं च्युइंग गमचा वास आहे." पहिल्यांदाच तिचं तोंड जरा हललं, हसू म्हणता येणार नाही.

मग तिने कोल्हा मांडीवर घेतला आणि कान पुढे केला. "इथेच करा," म्हणाली. "मी धरते."

मी सुई-दोरा घेऊन आले, तिच्या पायाशी स्टुलावर बसले. चाळिशेक वर्षांत मी असं कधी शिवलं नव्हतं, की वस्तू दुसऱ्याच्या हातात आणि सुई माझ्या. ती दोन्ही हातांनी धरून होती, सोडतच नव्हती, मला तिच्या बोटांच्या मधून टाका घ्यावा लागत होता. नारिंगी दोरा होता या वेळी. सावकाश घातले टाके, आतून, दिसणार नाहीत असे.

मध्येच ती म्हणाली, "रोज उशाशी घेऊन झोपते मी. आता याला माझाच वास येतो."

मी शेवटचा टाका घेतला, गाठ मारली. दोरा मी एरवी तोंडाजवळ नेऊन दातानेच तोडते, लहानपणापासूनची सवय आहे. त्या दिवशी मेगनला हाक मारून कात्री मागून घेतली.